भूकंपाची 'तीव्रता' नेमकी कोणती? 'मॅग्निट्यूड' आणि 'इंटेन्सिटी' या शब्दांतील फरक

लातूर / नांदेड (प्रतिनिधी) : २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जमीन हादरली. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने पहिल्या धक्क्याची नोंद ४.५, तर दुसऱ्याची ३.६ अशी केली. त्यानंतर '४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप' ही शब्दरचना सर्वत्र वापरली गेली. त्याच वर्षी १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात पुन्हा ४.५ चा धक्का बसला, तर २२ ऑक्टोबर रोजी नांदेड जिल्ह्यात ३.८ चा धक्का नोंदला गेला.

मराठवाड्यात असा आकडा कानावर पडला की त्याची तुलना किल्लारीशी होणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या भूकंपाचा आकडा ६ च्या थोडा पुढे होता. मग साडेचार आणि सहा यांत अंतर ते किती, असा हिशेब मनात होतो आणि भीती वाढते. याउलट, 'केवळ साडेतीनचा धक्का होता' असे म्हणून भिंतीला गेलेल्या तड्याकडे दुर्लक्षही केले जाते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत आणि या चुकीचे मूळ बऱ्याच अंशी भाषेत आहे. भूकंपशास्त्रात 'मॅग्निट्यूड' आणि 'इंटेन्सिटी' या दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. मराठीत मात्र दोहोंसाठी 'तीव्रता' हा एकच शब्द रूढ झाला आहे.

शब्दांचे मूळ अर्थ

'मॅग्निट्यूड' हा शब्द लॅटिन भाषेतील 'मोठा' या अर्थाच्या 'मॅग्नस' या शब्दावरून आला. एखादी गोष्ट मुळात केवढी आहे, हे तो सांगतो. एखाद्या समस्येचे मॅग्निट्यूड म्हणजे तिची व्याप्ती, तिचा आवाका. गणित आणि भौतिकशास्त्रात सदिश राशीला मॅग्निट्यूड व दिशा असते. तेथे मराठी पाठ्यपुस्तके 'परिमाण' हा शब्द वापरतात.

'इंटेन्सिटी' हा शब्द 'ताणणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. एखादी गोष्ट विशिष्ट ठिकाणी किती जोराने जाणवते, हे तो सांगतो. उन्हाची, वेदनेची किंवा प्रकाशाची इंटेन्सिटी असते. त्यासाठी मराठीतील 'तीव्रता' हा शब्द अगदी चपखल आहे. म्हणजे 'तीव्रता' हा शब्द चुकीचा नाही. चूक आहे ती तो मॅग्निट्यूडसाठी वापरण्यात. ही गफलत केवळ मराठीत होते असेही नाही. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांतही रिश्टरच्या आकड्यामागे 'इंटेन्सिटी' हा शब्द वर्षानुवर्षे छापला गेला आहे.

हा फरक समजण्यासाठी मराठवाड्यातील परिचयाचे उदाहरण पुरेसे आहे. विहीर खोदताना कठीण खडक लागला की सुरुंग लावला जातो. सुरुंगात किती दारू भरली हे एकच माप असते आणि शेजारच्या शेतात उभे राहिले काय किंवा गावात बसले काय, ते बदलत नाही. हे मॅग्निट्यूड होय. परंतु त्याच सुरुंगाने विहिरीच्या काठावरचा माणूस हादरतो, वस्तीवरच्या घरातील भांडी खणखणतात आणि दोन कोसांवरच्या गावाला पत्ताही लागत नाही. ठिकाणागणिक बदलणारा हा अनुभव म्हणजे इंटेन्सिटी होय.

मॅग्निट्यूड : एका भूकंपाचा एकच आकडा

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये भूकंपांची मोजणी करण्याची पद्धत मांडली. भूकंपमापक यंत्रावर उमटलेल्या कंपनांची उंची आणि केंद्रापासूनचे अंतर यांची सांगड घालून भूकंपाचा आकार एका आकड्यात सांगणे हा तिचा गाभा. मॅग्निट्यूड हे नाव त्यांनी खगोलशास्त्रातून घेतले. तेथे ते ताऱ्यांच्या तेजस्वितेसाठी वापरले जाते आणि मराठीत त्याला 'प्रत' म्हणतात.

ही श्रेणी लॉगॅरिथमवर आधारलेली असल्याने तिचे आकडे साध्या बेरीज-वजाबाकीने समजत नाहीत. आकडा एकाने वाढला की कंपनांची उंची दहा पट आणि मुक्त झालेली ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. आकडा दोनने वाढला की ऊर्जा सुमारे एक हजार पट होते. त्यामुळे ४.५ आणि ६.२ यांतील १.७ चा फरक कागदावर किरकोळ दिसला तरी ऊर्जेच्या हिशेबात तो प्रचंड आहे. ढोबळमानाने, मार्च २०२४ च्या हिंगोलीतील धक्क्यापेक्षा किल्लारीच्या भूकंपात सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा मुक्त झाली होती.

'रिश्टर स्केल' हे किलो किंवा मीटरसारखे एकक नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. ते मोजणीच्या पद्धतीचे नाव आहे. त्यामुळे '४.५ रिश्टर स्केल' ही शब्दरचना काटेकोर नाही. शिवाय रिश्टर यांची मूळ पद्धत कॅलिफोर्नियातील भूकंप आणि विशिष्ट प्रकारचे यंत्र यांसाठी तयार झाली होती. मोठ्या भूकंपांसाठी ती अपुरी पडते. म्हणून १९७९ मध्ये टॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी 'मोमेंट मॅग्निट्यूड' ही पद्धत मांडली. भूगर्भातील प्रस्तरभंगाचे क्षेत्रफळ, त्यावरील सरकण्याचे अंतर आणि खडकाची दृढता यांवर ती आधारलेली आहे. मोठ्या भूकंपांसाठी जगभर आता मुख्यतः हीच पद्धत वापरली जाते.

एकाच भूकंपाचे आकडे निरनिराळ्या संस्थांच्या नोंदींत थोडे वेगळे का असतात, याचे उत्तरही येथेच मिळते. किल्लारीच्या भूकंपासाठी ६.२ ते ६.४ असे आकडे आढळतात. त्यांत लपवाछपवी नसते. मोजणीची पद्धत आणि नोंद घेणारी केंद्रे वेगळी असतात, एवढेच.

इंटेन्सिटी : एका भूकंपाचे अनेक आकडे

इंटेन्सिटीची मोजणी मुळात यंत्रावर अवलंबून नाही. माणसांना काय जाणवले, वस्तूंचे काय झाले आणि घरांची किती पडझड झाली, यांवरून ती ठरवली जाते. इटलीतील जुझेप्पे मेर्काली यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडलेली श्रेणी १९३१ मध्ये अमेरिकेत सुधारण्यात आली. 'सुधारित मेर्काली श्रेणी' ती हीच. भारतात मेदवेदेव, स्पॉनहॉयर आणि कार्निक या तीन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तयार केलेली 'एमएसके' श्रेणी प्रचलित झाली. दोन्ही श्रेणींना बारा पायऱ्या आहेत. मॅग्निट्यूडशी गल्लत होऊ नये म्हणून या पायऱ्या रोमन अंकांत लिहिण्याची रीत आहे.

पहिल्या पायरीचा धक्का केवळ यंत्राला कळतो. तिसऱ्या पायरीवर घरात शांत बसलेल्या काहींना तो जाणवतो. पाचव्या पायरीवर झोपलेली माणसे जागी होतात, टांगलेल्या वस्तू झुलतात आणि जनावरे बिथरतात. सहाव्या पायरीवर लोक घाबरून बाहेर धावतात, कच्च्या घरांच्या गिलाव्याला भेगा पडतात. सातव्या पायरीवर उभे राहणे कठीण होते आणि दगडमातीच्या घरांचे मोठे नुकसान होते. आठव्या पायरीवर अशा घरांची मोठ्या प्रमाणावर पडझड होते व साध्या विटांच्या घरांच्या भिंतींनाही मोठे तडे जातात. बाराव्या पायरीवर भूप्रदेशाचे रूपच पालटते.

या श्रेणीत घरांच्या प्रकारालाही महत्त्व आहे. दगडमातीची आणि कच्च्या विटांची घरे, भाजलेल्या विटांची साधी घरे आणि सळई-काँक्रीटची घरे असे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाच्या नुकसानीवरून पायरी ठरवली जाते. केवळ पडलेली घरे मोजून इंटेन्सिटी ठरत नाही. कोणत्या प्रकारची घरे पडली, हे पाहावे लागते.

किल्लारी : आकडा मध्यम, आघात भीषण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, मंगरूळ, तळणी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या परिसरात गावेच्या गावे कोसळली. शासकीय आकडेवारीनुसार मृतांची संख्या सुमारे आठ हजार होती. अन्य काही नोंदींत ती नऊ हजारांच्या पुढे जाते.

जगाच्या हिशेबात ६.२ मॅग्निट्यूडचा भूकंप फार मोठा मानला जात नाही. अशा आकाराचे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी अनेकदा होतात. परंतु किल्लारीत इंटेन्सिटी आठव्या पायरीपर्यंत पोहोचली. भूकंपाचे मूळ भूपृष्ठापासून अवघ्या दहा किलोमीटरच्या आसपास होते. ऊर्जा विखुरण्यास वाव न मिळता ती थेट वरच्या गावांवर आदळली. केंद्रापासून दूर जावे तशी इंटेन्सिटी झपाट्याने उतरत गेली. सुमारे ४० किलोमीटरवरील लातूर शहराचे नुकसान किल्लारीच्या तुलनेत पुष्कळच कमी होते, तर हैदराबादला केवळ धक्का जाणवला. भूकंप एकच, मॅग्निट्यूडही एकच. परंतु किल्लारी, लातूर आणि हैदराबाद येथील इंटेन्सिटी मात्र वेगवेगळी होती.

याच्या अगदी उलट उदाहरण हिंदुकुश पर्वतातील आहे. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात ७.५ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. ऊर्जेच्या दृष्टीने तो किल्लारीच्या जवळपास नव्वद पट होता. त्याची खोली मात्र दोनशे किलोमीटरहून अधिक होती. दिल्लीपर्यंत जमीन हलली, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात सुमारे चारशे जण मृत्युमुखी पडले. हानी मोठीच होती, परंतु केवळ मॅग्निट्यूडचा आकडा पाहणाऱ्याला ती किल्लारीहून कितीतरी अधिक वाटली असती.

किल्लारी परिसरातील जीवितहानीला घरांची रचना मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. दोन फुटांहून जाड दगडी भिंती, सांधण्यासाठी सिमेंट वा चुना नव्हे तर माती, भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकत्र बांधणाऱ्या आरपार दगडांचा अभाव आणि वर लाकडी आढ्यांवर मातीचा जाड थर टाकलेले माळवद, अशी या भागातील घरे होती. उन्हाळ्यात गारवा आणि चोरापासून संरक्षण देणारी ही भिंत हादऱ्यात दोन्ही बाजूंना ढासळली. अनेक ठिकाणी लाकडी खांबांचे खण उभे राहिले, पण भोवतीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्याच गावांतील कुडाची आणि गवताच्या छपराची हलकी घरे पुष्कळ प्रमाणात तगली.

पुनर्वसन आणि नकाशा

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन कार्यक्रम राबवण्यात आला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. काही गावांची जुन्या जागीच पुनर्बांधणी झाली, तर दोन हजारांहून अधिक गावांत घरांची दुरुस्ती व बळकटीकरण हाती घेण्यात आले. कोणत्या गावाला काय मिळणार, हे ठरवताना ६.२ या आकड्याचा उपयोग नव्हता, कारण तो सर्व गावांसाठी सारखाच होता. निकष होता तो त्या-त्या गावातील नुकसानीचा. अर्थात निर्णय झाला तो इंटेन्सिटीच्या बाजूने.

इमारतींच्या बांधकामासाठी भारतीय मानक ब्युरोने तयार केलेल्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशातही हाच विचार दिसतो. या नकाशाचे विभाग एखाद्या प्रदेशात किती इंटेन्सिटी अपेक्षित आहे, यावर बेतले गेले. १९९३ मध्ये प्रचलित असलेल्या नकाशात लातूर परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते आणि या भागात मोठ्या भूकंपाची पूर्वनोंद नव्हती. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका झाली, तरीही एवढ्या मोठ्या भूकंपाची अपेक्षा नव्हती. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. त्या नकाशात या विभागासाठी एमएसके श्रेणीची सातवी पायरी गृहीत धरली होती.

नांदेडचे आवाज

नांदेड शहराचा अनुभव आणखी वेगळा आहे. नोव्हेंबर २००६ पासून शहराच्या काही भागांत जमिनीखालून गूढ आवाज आणि सौम्य हादरे जाणवू लागले. पुढील काळात हे प्रकार वारंवार घडल्याने अनेक कुटुंबांनी घराबाहेर रात्री काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक यंत्रे बसवून त्यांचा अभ्यास केला. हे बहुतेक धक्के मॅग्निट्यूडच्या दृष्टीने अगदी लहान होते. मात्र त्यांचे मूळ उथळ आणि थेट शहराखाली असल्याने ते स्पष्ट जाणवले. उथळ धक्क्यांच्या जलद कंपनांचा काही अंश हवेत उतरतो आणि तोच स्फोटासारखा किंवा गडगडाटासारखा ऐकू येतो. लहान मॅग्निट्यूड म्हणजे 'काहीच झाले नाही' असे नव्हे, आणि मोठा आवाज म्हणजे मोठा भूकंप असेही नव्हे, हे नांदेडच्या अनुभवावरून दिसते.

मार्च २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने केलेले एक आवाहन या दृष्टीने बोलके होते. पत्र्याच्या घरांवर वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले असतात. ते काढून घ्यावेत, असे नागरिकांना सांगण्यात आले. ४.५ मॅग्निट्यूडचा धक्का पक्के घर पाडण्याइतका नसतो, पण पत्र्यावरचा सैल दगड घरंगळून खाली झोपलेल्याचा जीव घेऊ शकतो.

'हॅझर्ड' आणि 'रिस्क' : आणखी एक जोडी

पत्र्यावरच्या या दगडावरून शब्दांच्या दुसऱ्या जोडीकडे वळता येते. 'हॅझर्ड' आणि 'रिस्क' या दोन्ही शब्दांसाठी मराठीत सहसा 'धोका' म्हटले जाते. भूकंप होण्याची शक्यता हा हॅझर्ड आहे. तो कमी करणे माणसाच्या हाती नाही. त्या भूकंपात जीवित आणि वित्त यांची हानी होण्याची शक्यता म्हणजे रिस्क. ती घर कसे बांधले, किती माणसे त्यात राहतात आणि वर काय ठेवले आहे यांवर अवलंबून असते. तिच्यासाठी 'जोखीम' हा नेमका शब्द मराठीत आहे.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मॅग्निट्यूडच्या दृष्टीने किल्लारीच्या तोडीचा होता. तोही पहाटेच झाला. त्यात सुमारे १८० जणांचा मृत्यू झाला. कोयनेच्या डोंगराळ खोऱ्यातील विरळ वस्ती आणि किल्लारी भागातील दाटीने वसलेली, जड दगडी घरांची गावे यांच्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक होता.

बातमी कशी वाचावी, कशी लिहावी

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र धक्क्यानंतर थोड्याच वेळात वेळ, अक्षांश-रेखांश, खोली आणि मॅग्निट्यूड जाहीर करते. वाचकाने मॅग्निट्यूडबरोबर खोलीचा आणि आपल्या गावापासून केंद्राच्या अंतराचा आकडाही पाहिला पाहिजे. गावातील इंटेन्सिटी या नोंदीत नसते. ती प्रत्यक्ष पाहणीतून आणि नागरिकांनी कळवलेल्या अनुभवांतून ठरते. असे अनुभव नोंदवण्याची सोय या केंद्राच्या संकेतस्थळावर आहे. जाग आली का, भांडी पडली का, भिंतीला तडा गेला का, या साध्या उत्तरांना तेथे शास्त्रीय मोल असते.

लेखनात मॅग्निट्यूडसाठी 'परिमाण' आणि इंटेन्सिटीसाठी 'तीव्रता' असे शब्द ठरवून घेतले तर संभ्रम टळू शकतो. 'भूकंपाचे परिमाण ६.२ होते, तर किल्लारीत त्याची तीव्रता आठव्या पायरीपर्यंत पोहोचली', अशा वाक्यात दोन्ही गोष्टी स्वच्छ कळतात. 'परिमाण' शब्द अवघड वाटल्यास 'मॅग्निट्यूड' तसाच ठेवण्यास हरकत नाही. 'तीव्रता' मात्र जाणवण्यासाठी राखून ठेवणे इष्ट.

थोडक्यात फरक

मॅग्निट्यूड (परिमाण) : भूकंपाचा मूळ आकार. एका भूकंपाला एकच. यंत्रांच्या नोंदींवरून काढतात. दशांश चिन्हासह लिहितात, उदा. ४.५, ६.२. एका अंकाची वाढ म्हणजे सुमारे ३२ पट ऊर्जा.

इंटेन्सिटी (तीव्रता) : विशिष्ट ठिकाणी जाणवलेला परिणाम. गावागणिक वेगळी. माणसांचे अनुभव आणि घरांच्या नुकसानीवरून ठरवतात. एक ते बारा पायऱ्या, रोमन अंकांत लिहितात. खोली, अंतर आणि जमिनीचा प्रकार यांनुसार बदलते.

भूकंपाचे परिमाण भूगर्भात ठरते आणि त्यावर कोणाचा इलाज चालत नाही. गावात त्याची झळ किती बसणार, हे मात्र बऱ्याच अंशी भिंतीच्या बांधणीत आणि छपराच्या वजनात ठरते. पुढच्या धक्क्यानंतर आकडा ऐकताना मराठवाड्यातील प्रत्येक घराने आधी आपली भिंत पाहावी, ती याचसाठी.